दोन हकीम, दोन तारे

रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याची संध्याकाळ आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. इफ्तारची खजूर तोंडात असतानाच मुले गच्चीकडे धावतात. सांगलीत कृष्णेच्या घाटावर, आयर्विन पुलाच्या कठड्याशी माणसे पश्चिमेकडे तोंड करून उभी असतात. कोणीतरी 'दिसला, दिसला' म्हणून ओरडतो. 'कुठे?' म्हणून दहा जण विचारतात. त्या बोटाच्या दिशेने पाहिले तर कधी खरोखरच चाँद असतो, कधी ढगाची कड असते, तर कधी नुसती हौस असते. म्हणूनच ईद कधी गच्चीवर ठरत नाही. गवाही पुढे जाते. कोणी पाहिला, कुठून पाहिला, किती वाजता, आकाश कसे होते, सोबत आणखी कोण होते, हे सारे विचारले जाते. एकट्याच्या सांगण्यावर सगळ्या गावाची ईद होत नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की ज्या विषयावर आम्ही आज लिहायला बसलो आहोत त्याची किल्ली आम्हांला याच संध्याकाळीत सापडली.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली. लडाखमधील हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'मेस' नावाच्या प्रचंड दुर्बिणीचे ४ ऑक्टोबर रोजी उद्घाटन झाले. अवकाशातून येणारे अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण टिपणारी ही आशियातील सर्वांत मोठी चेरेन्कोव्ह दुर्बीण, असे त्यात म्हटले होते. आम्ही ती बातमी आठवीच्या वर्गात उर्दूत सांगितली. मुले ऐकत होती. शेवटी एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "सर, इसमें हमारा क्या है?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आम्ही मात्र ठरलेले उत्तर दिले. अल् बेरूनी, इब्न हैसम, आकाशातल्या कित्येक ताऱ्यांची अरबी नावे. जलशात, स्नेहसंमेलनात आपण नेहमी देतो तीच यादी. मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "वो तो तब का हुआ सर. इसमें क्या है?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. घंटा झाली म्हणून आम्ही सुटलो.

त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या मागे लागला. मिळेल ते वाचत गेलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम हे किरण काय आहेत ते पाहू. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. ज्या गॅमा किरणांची ही गोष्ट आहे, त्यांच्या एकेका कणाची ऊर्जा एक लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे तोही प्रकाशच, पण डोळ्यांच्या पलीकडचा आणि अफाट ताकदीचा. साधा उष्ण तारा असा प्रकाश देऊ शकत नाही. तारा फुटतो, त्याचे अवशेष अवकाशात पसरत जातात, किंवा त्याचा उरलेला गाभा भोवऱ्यासारखा गरगर फिरत राहतो, अशा ठिकाणी हे किरण जन्मतात.

त्यांचे महत्त्व दुसऱ्या एका जुन्या कोड्यामुळे आहे. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ बलूनमधून पाच किलोमीटरहून उंच गेला आणि जसजसे वर जावे तसतसे प्रारण वाढते, हे त्याने दाखवून दिले. या बाहेरून येणाऱ्या माऱ्याला पुढे वैश्विक किरण हे नाव पडले. ते बहुतांशी प्रोटॉनसारखे विद्युतभारित कण असतात. अवकाशातली चुंबकीय क्षेत्रे त्यांना वाटेत इतकी वळणे देतात, की ते पृथ्वीवर पोचतात तेव्हा कुठून निघाले ते त्यांच्या दिशेवरून कळत नाही. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का पुसलेल्या पत्रासारखी त्यांची गत होते. गॅमा किरणांवर विद्युतभार नसतो. ते सरळ रेषेत येतात. जिथून निघाले तिथला शिक्का त्यांच्यावर शाबूत असतो. म्हणून वैश्विक किरणांची जन्मस्थाने शोधायची तर या किरणांच्या मागावर जावे लागते.

अडचण दोन प्रकारची आहे. एक म्हणजे वातावरण हे किरण जमिनीपर्यंत येऊ देत नाही. ते जीवसृष्टीच्या दृष्टीने चांगलेच आहे. दुसरी अडचण संख्येची. या किरणांचा आकाशातला एक ठळक आणि स्थिर स्रोत म्हणजे क्रॅब तेजोमेघ. तिथून एक लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे किरण एका चौरस मीटरवर वर्षाकाठी जेमतेम सहा-सात येतात. उपग्रहावर बसवलेले उपकरण चौरस मीटरच्या आसपासचे. त्याने किती वर्षे वाट पाहायची?

यावरचा उपाय ज्या शास्त्रीय पायावर उभा आहे, तो घालण्यात मुंबईत जन्मलेल्या एका तरुणाचा हात होता. होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली इंग्लंडमध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. वेगवान इलेक्ट्रॉन किंवा गॅमा किरण पदार्थात शिरला तर काय होते, याचा त्यात हिशोब होता. गॅमा किरणापासून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी होते. ती जोडी पुन्हा गॅमा किरण सोडते. त्यांच्यापासून आणखी जोड्या होतात. एकाचे दोन, दोनाचे चार असे करत हवेतून कणांचा एक मोठा वर्षाव खाली येतो. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, पिएर ओजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकमेकांपासून दूर ठेवलेली उपकरणे एकाच क्षणी खणखणतात हे प्रत्यक्ष दाखवले. वरून आलेल्या एकाच कणाने दूरदूरच्या उपकरणांवर एकदम वर्षाव केला होता.

म्हणजे मूळ किरण जमिनीवर येत नाही, पण त्याच्या येण्याची वर्दी येते. ती दोन रूपांत येते. एक, खालपर्यंत पोचणारे कण. दुसरे, निळसर प्रकाशाचा एक अत्यंत क्षणिक झोत. वर्षावातले कण हवेतल्या प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जातात तेव्हा हा झोत निघतो. त्याला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. तो सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच टिकतो, पण जमिनीवर सुमारे १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, म्हणजे जवळपास अकरा एकरांवर पसरतो. या अकरा एकरांत कुठेही आरसा ठेवला तरी त्या एका किरणाची खबर मिळते. चौरस मीटरचे उपकरण असे अकरा एकरांचे होते. १९५३ साली गॅलब्रेथ आणि जेली या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी हा प्रकाश पहिल्यांदा टिपल्याचे जाहीर केले. त्यासाठी त्यांनी कचऱ्याचा एक डबा घेतला, त्यात वीतभर रुंदीचा आरसा आणि प्रकाश ओळखणारी एक नळी बसवली, आणि डबा अंधाऱ्या आकाशाकडे तोंड करून ठेवला. प्रयोगशाळा नाही म्हणून रडणाऱ्या आम्हा शिक्षकांनी हा डबा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता गवाहीकडे येऊ. एकच उपकरण खणखणले तर ते काहीही असू शकते. जवळच्या खडकातले प्रारण असेल, विजेचा दोष असेल, नुसता आभास असेल. म्हणून माळावर ठरावीक अंतरावर अनेक शोधक मांडतात. त्यातल्या ठरलेल्या संख्येने एकाच वेळी साक्ष दिली, तरच ती नोंद दप्तरी घेतात. हे 'एकाच वेळी'ही मोठे काटेकोर आहे. प्रकाश सेकंदाच्या एक अब्जांश भागात एक फूटभर जातो. वर्षाव सरळ डोक्यावरून आला तर सगळे शोधक एकदम बोलतात. तिरपा आला तर एका बाजूचे आधी बोलतात. आठ मीटरांवर असलेल्या दोन शोधकांच्या रेषेत वर्षाव ३० अंश कलून आला, तर त्यांच्या साक्षीत सुमारे १३ अब्जांश सेकंदांचा फरक पडतो. त्या फरकावरूनच किरण आकाशात कुठून आला ते कळते. कोणी पाहिला, कुठून पाहिला, केव्हा पाहिला, हे तेच प्रश्न आहेत. फरक घड्याळाचा आहे.

साक्षीदार खोटे बोलत नसला तरी त्याची चूक होऊ शकते. प्रोटॉनसुद्धा असाच वर्षाव पाडतात आणि त्यांची संख्या गॅमा किरणांच्या हजारो पट असते. म्हणून उलटतपासणी लागते. प्रोटॉनच्या वर्षावात म्युऑन नावाचे भेदक कण पुष्कळ असतात, गॅमाच्या वर्षावात फार थोडे. जाड छताखाली म्युऑन मोजणारी वेगळी उपकरणे ठेवली तर खरे-खोटे निवडता येते.

हे काम आपल्या देशात कसे झाले, त्याचा इतिहास मुंबईतून सुरू होतो. भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. आरंभ बंगळुरात झाला, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संस्था मुंबईत पेडर रोडवरील एका बंगल्यात आली आणि पुढे कुलाब्याला स्थिरावली. वैश्विक किरण हा तिचा पहिल्यापासूनचा विषय. १९५०च्या दशकात संस्थेचे लोक निलगिरीवर उटीला गेले आणि डोंगरावर वर्षाव मोजू लागले. बी. व्ही. श्रीकांतन हे त्यांतले प्रमुख नाव. पुढे तेच संस्थेचे संचालक झाले.

त्याच काळातली आणखी एक नोंद आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते पियारा सिंग गिल. शिकागोला आर्थर कॉम्प्टन यांच्याकडे शिकलेले, काही काळ भाभांच्या संस्थेत काम केलेले. त्यांनी अलीगढला वैश्विक किरणांच्या अभ्यासाची परंपरा निर्माण केली आणि गुलमर्गच्या उंचीवर वेधशाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. एक शीख प्राध्यापक, मुस्लिम विद्यापीठ, काश्मीरचा डोंगर आणि आकाशातून येणारे कण. 'हमारा क्या है' या प्रश्नाचे निम्मे उत्तर आम्हांला इथे मिळाले. उरलेले अर्धे पुढे आहे.

नंतर हा विषय वाढत गेला. टाटा संस्थेने उटीला चेरेन्कोव्ह प्रकाश टिपायला सुरुवात केली. मग तिचे हे काम सातपुड्यात पचमढीला गेले. तिथे ८० मीटर बाय १०० मीटर जागेत २५ दुर्बिणींची मांडणी झाली. प्रत्येक दुर्बिणीत ९० सेंटिमीटर व्यासाचे सात आरसे. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या गटाने गुलमर्गला सुरू केलेले काम पुढे राजस्थानात माउंट अबूला नेले. तिथल्या 'टॅक्टिक' दुर्बिणीने १९९७ साली मार्केरियन ५०१ नावाच्या दूरच्या दीर्घिकेचे गॅमा किरण टिपले. २००८ साली हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, सात दुर्बिणींची 'हगार' ही मांडणी पूर्ण झाली. एक मध्यभागी आणि सहा तिच्याभोवती षट्कोनात. टाटा संस्था आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांचे हे संयुक्त काम. त्याच पठारावर आता 'मेस' उभी आहे. २१ मीटर व्यासाची तबकडी, १,४२४ धातूचे आरसे, १,०८८ प्रकाशनळ्यांचा कॅमेरा आणि पावणेदोनशे टनांच्या आसपास वजन. इतका मोठा आरसा असला, तर त्या अकरा एकरांवर सांडलेला अगदी मंद प्रकाशही ओंजळीत येतो.

उटीला दुसऱ्या जातीची मांडणी आहे. तिचे नाव 'ग्रेप्स-३'. समुद्रसपाटीपासून २,२०० मीटर उंचीवर, आठ-आठ मीटर अंतराने, चौरस मीटरभर आकाराचे सुमारे ४०० शोधक षट्कोनी नक्षीत मांडलेले आहेत. जाड काँक्रीटच्या छताखाली ५६० चौरस मीटरचे म्युऑन मोजणारे दालन आहे. त्यात ३,७१२ नळ्या आहेत, प्रत्येकी सहा मीटर लांब. चेरेन्कोव्ह दुर्बिणींना अमावास्येच्या बाजूच्या काळोख्या, निरभ्र रात्री लागतात. उटीची मांडणी कणच मोजत असल्यामुळे दिवसरात्र, पावसातही जागी असते. १ डिसेंबर २०१४ रोजी तिच्यावरून एक वादळी ढग गेला आणि म्युऑनांची संख्या काही मिनिटे घटली. त्या घटीवरून शास्त्रज्ञांनी ढगातला विद्युतदाब काढला. तो निघाला सुमारे १३० कोटी व्होल्ट. हा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी ते शोधक रोवले त्यांना ढग मोजायचा नव्हता. पण नोंद इमानाने ठेवली होती, म्हणून ती दुसऱ्याच कामी आली. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण त्याच्याच आधारे आम्ही आता हजार वर्षे मागे जाणार आहोत.

जगात कुठेही अशी दुर्बीण उभी राहिली, की ती आधी क्रॅब तेजोमेघाकडे वळते. तराजू नवा आणला की आधी माहितीचे वजन टाकून पाहतात, तसे. १९८९ साली ट्रेव्हर वीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ॲरिझोनातील दहा मीटरच्या दुर्बिणीने या तेजोमेघाचे गॅमा किरण निर्विवादपणे पकडले. ती दुर्बीण १९६८ सालची. म्हणजे वीस वर्षांची चिकाटी. २०२१ साली चीनमधल्या ४,४०० मीटर उंचीवरील 'लासो' या विस्तीर्ण मांडणीने याच तेजोमेघातून आलेला एक किरण जाहीर केला. त्याची ऊर्जा एक कोटी कोटींच्याही दहापट, नेमके सांगायचे तर १.१ पेटा इलेक्ट्रॉन व्होल्ट होती.

हा तेजोमेघ रोहिणीच्या पुढे, वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री तो आपल्या सांगलीच्या जवळजवळ डोक्यावर येतो, पण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एके काळी मात्र तो दिवसाउजेडी दिसत होता. ४ जुलै १०५४ रोजी तिथे एक नवा तारा उगवल्याची नोंद चिनी दरबारात आहे. २३ दिवस तो दिवसाही दिसला आणि रात्री जवळजवळ दोन वर्षे. एका मरणाऱ्या ताऱ्याचा तो स्फोट होता. आपल्या भागात तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. जुलै म्हणजे इथे पावसाळा, पण ढग ओसरल्यावर कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनीही तो पाहिलाच असणार. परंतु पाहणे वेगळे आणि लिहून ठेवणे वेगळे.

लिहून ठेवणाऱ्यांत एक होता बगदादचा हकीम इब्न बुतलान. त्या वर्षी तो कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. हिजरी ४४६ मध्ये मिथुन राशीत एक ठळक तारा उगवला, त्या वर्षाच्या शरदात त्या शहरात साथीने हजारो माणसे मेली आणि पुढच्या वर्षी नाईलला पाणी कमी आल्यावर मिसरमध्येही मृत्यूचे थैमान झाले, असे त्याने नोंदवले. हिजरी ४४६ म्हणजे एप्रिल १०५४ ते एप्रिल १०५५. ही नोंद तेराव्या शतकात इब्न अबी उसैबिआ याने आपल्या 'उयूनुल अंबा' या हकिमांच्या चरित्रकोशात उतरवून घेतली. खगोलशास्त्राच्या पुस्तकात नव्हे, वैद्यकाच्या इतिहासात. म्हणून ती शतकानुशतके तिथेच पडून राहिली. १९७८ साली केनेथ ब्रेकर हा खगोलशास्त्रज्ञ आणि एलिनॉर व आल्फ्रेड लीबर यांनी 'नेचर' नियतकालिकात ती जगापुढे आणली.

दुसरी नोंद त्याहून थोर आहे. कैरोच्या अली इब्न रिजवान याने टॉलेमीच्या एका ग्रंथावर भाष्य लिहिले. त्यात त्याने आपल्या विद्यार्थिदशेत पाहिलेला एक तारा वर्णिला आहे. वृश्चिक राशीच्या पंधराव्या अंशात तो उगवला. शुक्राच्या अडीच-तीन पट मोठा दिसत होता. त्याच्या उजेडाने आकाश उजळले होते आणि त्याचे तेज चंद्राच्या चौथाईहून थोडे जास्त होते. एवढ्यावर तो थांबला नाही. त्या वेळी सूर्य, चंद्र आणि ग्रह कोणत्या राशीत किती अंशांवर होते, तेही त्याने दिले. या तपशिलामुळे आजचे शास्त्रज्ञ गणित मांडून तारीख काढू शकतात. ती निघते ३० एप्रिल १००६. इब्न रिजवान तेव्हा अठरा वर्षांचा होता. लिखित इतिहासातला हा सर्वांत तेजस्वी तारा. १९६५ साली बर्नार्ड गोल्डस्टीन यांनी ही नोंद खगोलशास्त्रज्ञांच्या नजरेस आणली. २०१० साली आफ्रिकेतील नामिबियामधल्या 'हेस' या चार दुर्बिणींच्या मांडणीने त्याच जागेवरून येणारे गॅमा किरण टिपल्याचे जाहीर केले. त्यासाठी अनेक वर्षांतल्या सुमारे १३० तासांचे वेध लागले. हे ठिकाण वृश्चिकाच्या पश्चिमेला, दक्षिणेच्या वृक तारकासमूहात आहे. मे महिन्याच्या मध्यरात्री आपल्या गच्चीवरून दक्षिणेला पाहिले, तर क्षितिजापासून आकाशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या उंचीवर ती जागा येते.

आता गंमत पाहा. हे दोघे हकीम एकमेकांचे कट्टर विरोधक होते. इब्न बुतलान ख्रिस्ती, मोठ्या उस्तादांकडे शिकलेला. इब्न रिजवान मुसलमान, भट्टीवाल्याचा मुलगा, गुरूला द्यायला पैसे नाहीत म्हणून पुस्तकांवरून शिकलेला. इब्न बुतलान कैरोला आला तेव्हा दोघांत कडाक्याचा वाद झाला. कोंबडीचे पिल्लू जास्त उष्ण प्रकृतीचे की दुसऱ्या पाखराचे, इथून भांडण सुरू झाले आणि विद्या गुरूकडून घ्यावी की पुस्तकातून, इथवर गेले. एकमेकांच्या अकलेवर आणि रूपावरही दोघांनी तोंडसुख घेतले. शिक्षक म्हणून आमचे मत इब्न बुतलानकडे झुकते, पण आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांची परिस्थिती इब्न रिजवानची आहे, हेही आम्ही जाणतो. त्यांच्या या वादाचे कागद कैरोच्या विद्यापीठाने छापून काढले ते १९३७ साली, ज्या वर्षी भाभांचा निबंध आला त्याच वर्षी. हा केवळ योगायोग आहे, पण आम्हांला तो आवडला.

दोघांचा निष्कर्ष मात्र चुकीचा होता. ताऱ्यामुळे साथ आली, असे इब्न बुतलानला वाटले. ताऱ्यामुळे युद्धे, अवर्षण, महागाई आणि दुष्काळ आले, असे इब्न रिजवानने लिहिले. तो तारा तर हजारो प्रकाशवर्षे दूर होता. नाईलच्या पाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. आज त्यांचे हे निष्कर्ष कोणी मानत नाही. परंतु त्यांनी काय पाहिले, कोणत्या वर्षी, कोणत्या राशीत, किती तेजाचे, ही साक्ष हजार वर्षे टिकली आणि आजही तिचा उपयोग होतो.

इथे आम्हांला स्वतःशीच थोडे कडक बोलावे लागेल. आपल्या सभांमध्ये वक्ते सांगतात, की आजचे सारे विज्ञान आपल्या बुजुर्गांना आधीच ठाऊक होते. दुसऱ्या मंडपात दुसरे वक्ते तेच आपल्या पूर्वजांविषयी सांगतात. टाळ्या दोन्हीकडे पडतात. आम्हीही असे भाषण केले आहे. पण त्या टाळ्यांनी आमच्या वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. इब्न रिजवानला गॅमा किरण ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नव्हते म्हणून तो लहान ठरत नाही. त्याचे मोठेपण त्याने ग्रहांचे अंश लिहून ठेवले यात आहे. आपल्यानंतर येणाऱ्या, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसाला आपली गवाही तपासता यावी, एवढी सोय त्याने करून ठेवली. उटीच्या माळावरचे शोधक हेच करतात. हानलेच्या थंडीत रात्र जागवणारे लोक हेच करतात. ही रीत कोणत्याही एका कौमची नाही. ती पाळणाऱ्याची आहे. पाळली तर आपली, सोडली तर आपली नाही.

त्या मुलीला आम्ही हे सगळे सांगितले. इतके लांबलचक नव्हे, दोन-तीन तासांत तुकड्यातुकड्याने. दोन हकिमांचे भांडण वर्गाला फार आवडले. मग आम्ही एक साधी दोनशे पानी वही आणली. दर इस्लामी महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी, नुसत्या रमजानच्याच नव्हे, मुलांनी आपापल्या घरून पश्चिमेकडे पाहायचे आणि वहीत लिहायचे, असे ठरवले. नाव, मोहल्ला, वेळ, आकाश कसे होते, चाँद दिसला की नाही, दिसला तर टोके कोणीकडे. कोणी सांगलीत राहतो, कोणी मिरजेत, कोणी कुपवाडला. आमच्या परीने ही एक छोटी मांडणीच झाली.

पहिल्याच महिन्यात पावसाने घोळ केला. दुसऱ्या दिवशी मुले हिरमुसून आली. दिसलाच नाही, तर लिहायचे काय, असे त्यांचे म्हणणे. आम्ही वही उघडून पुढे केली. त्याच मुलीने पेन घेतले आणि उर्दूत पहिली ओळ लिहिली : सात वाजून दहा मिनिटे, पश्चिमेला दाट ढग, चाँद नजर नहीं आया. खाली तिने स्वतःचे नाव लिहिले आणि शेजारणीकडे वही सरकवत म्हणाली, "तू भी लिख. दोघींची गवाही पाहिजे."